मृत्यूचा पत्ता

सप्टेंबर १८९६. मुंबई बंदराला लागून असलेल्या मांडवीत, नवरोजी हिलच्या आसपास, तापाचे विचित्र रुग्ण सापडू लागले होते. एकाएकी ताप भरायचा, जांघेत किंवा काखेत गाठ यायची आणि दोन-चार दिवसांत माणूस जायचा. लोक त्याला ‘गाठीचा ताप’ म्हणू लागले. डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांचा दवाखाना याच भागात होता. ते मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि म्युनिसिपालिटीचे सभासद. त्यांनी रोगी तपासले, लक्षणं जुळवून पाहिली आणि २३ सप्टेंबरला स्थायी समितीपुढे उभं राहून सांगितलं, हा ब्युबॉनिक प्लेग आहे.

दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये हा रोग थैमान घालून गेला होता. हाँगकाँगशी मुंबईचा जहाजी व्यापार मोठा होता, त्यामुळे रोग समुद्रमार्गे आला असावा याबद्दल फारशी शंका नव्हती. पण तो मांडवीतच का उतरला आणि तिथून कुठे जाणार, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या घडीपासून मुंबईत मृत्यू मोजण्याला वेगळंच महत्त्व आलं. नुसते ‘आज इतके गेले’ म्हणून भागेना. कुठल्या वॉर्डात, कुठल्या गल्लीत, कुठल्या जातीचे, कुठल्या घरातले, हे सारं बारकाईने नोंदलं जाऊ लागलं. पुढच्या पंचवीस वर्षांत या नोंदींतून शहराचं जे चित्र तयार झालं, तसं हिंदुस्थानातल्या फार थोड्या शहरांचं झालं असेल.

मांडवी हा काही मुंबईतला सर्वांत गरीब भाग नव्हता. इथे धान्य, साखर, खजूर यांच्या वखारी होत्या. खाली गोदाम आणि वर बिऱ्हाडं, अशी तीन-चार मजली घरं एकमेकांना चिकटून उभी होती. कच्छी भाटिया, वाणी, जैन असे पैसा बाळगून असलेले व्यापारी इथे राहत आणि त्यांच्याच गोदामांतली पोती वाहणारे हमाल त्याच गल्ल्यांतून झोपत. पहिल्या महिन्यांत प्लेगने हातपाय पसरले ते याच व्यापारी समाजात. त्यामुळे ‘रोग गरिबांना होतो’ हे ठरलेलं उत्तर सुरुवातीलाच अडखळलं. म्युनिसिपल कमिशनर पी. सी. एच. स्नो आणि हेल्थ ऑफिसर डॉ. वीअर यांनी मग दुसरं उत्तर शोधलं. जमीन ओली आहे, गटारं तुंबलेली आहेत, घरांत काळोख आहे, तेव्हा रोग जमिनीतून आणि भिंतींतून उठत असला पाहिजे. समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक ॲसिड गटारांतून सोडण्यात आलं. घरांच्या जमिनी खणल्या, भिंतींना चुना फासला, ऊन आत यावं म्हणून छपरांवरची कौलं काढली.

त्याच वेळी मांडवीच्या वखारींत उंदीर मरून पडत होते. पोत्यांमागून, तुळयांवरून, जिन्याखालून मेलेले उंदीर निघत. ‘उंदीर पडले की घर सोडावं’ हे पुढे महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतल्या म्हातारीलाही कळलं, आणि लोक गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहू लागले. मुंबईत मात्र उंदरांची गोष्ट नोंदली जाऊनही बाजूला पडली. गटारं धुण्याच्या त्या मोहिमेने उंदरांना एका भागातून उठवून शेजारच्या भागात पाठवलं असावं, असं पुढच्या अभ्यासकांचं मत आहे. रोगाचं कारण हाताशी असताना कार्बोलिकची पिंपं रिकामी होत राहिली, हे आज वाचताना जिवाला लागतं.

शहर रिकामं होऊ लागलं. १८९७च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मी मुंबई पळाली होती. कोकणात जाणारी गलबतं आणि घाटावर जाणाऱ्या गाड्या माणसांनी ओसंडत होत्या. सफाई कामगारांना पालिकेच्या दप्तरात ‘हलालखोर’ म्हणत. तेही निघून जातील, ही कमिशनरला सर्वांत मोठी धास्ती होती. ते गेले तर मैला उचलायला कोणी उरणार नाही आणि आठवड्याभरात शहर राहण्याजोगं राहणार नाही, हे तो जाणून होता. ज्यांना शहर कधी जवळ करत नव्हतं, त्यांच्याच हातांवर शहर उभं होतं. त्यांच्या मुक्कामावर मुंबईचं असणं-नसणं ठरावं, ही गोष्ट त्या काळच्या अहवालांत भीतीच्या सुरात का होईना, लिहिली गेली.

जे राहिले त्यांच्यावर सरकारने हात उगारला. रोग्याला घरातून उचलून आर्थर रोडच्या इस्पितळात नेणं, घरच्यांना वेगळं ठेवणं, सामान जाळणं सुरू झालं. ऑक्टोबर १८९६च्या अखेरीस गिरणी कामगारांचा हजारभरांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. आत नेलेला माणूस परत येत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला आणि मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी बसली. गोरे सोल्जर आणि देशी शिपाई घरं तपासू लागले. पुण्यात याच तऱ्हेच्या तपासणीचा शेवट प्लेग अधिकारी रँडच्या खुनात झाला, हे मराठी वाचकाला सांगायला नको. मुंबईतही ९ मार्च १८९८ला मदनपुऱ्यातल्या मुसलमान विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगा उसळला.

त्या तपासणीची एक खूण अनेक वर्षं भिंतींवर राहिली. घरात प्लेगचा रोगी सापडला की दाराशेजारी रंगाने एक वर्तुळ काढायचं आणि आत तारीख घालायची. काही घरांवर अशी वर्तुळं एकाखाली एक दिसत. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरावर ‘यू. एच. एच.’ अशी तीन इंग्रजी अक्षरं रंगवली जात आणि त्याचं नळाचं पाणी तोडलं जाई. भिंत पाहिली की त्या घरावर काय गुदरलं ते रस्त्याने जाणाऱ्याला कळायचं. म्युनिसिपालिटीच्या कचेरीतला मृत्यूंच्या नोंदींचा नकाशा आणि मांडवी-उमरखाडीतल्या या भिंती, दोन्हीकडे एकच हिशेब लिहिलेला होता.

पहिल्या दोन-तीन वर्षांनंतर त्या हिशेबात एक बदल दिसू लागला. प्लेग दर हिवाळ्यात परतायचा, फेब्रुवारी-मार्चमध्ये भडकायचा आणि उन्हाळा कडक झाला की ओसरायचा. पण आता तो मांडवीच्या श्रीमंत घरांत पूर्वीसारखा रेंगाळत नव्हता. ज्यांना शक्य होतं ते बाहेर पडले होते. कोणी उपनगरांत बंगला घेतला, कोणी मलबार टेकडीच्या बाजूला सरकलं, कोणी प्लेगचा हंगाम गावी काढू लागलं. रोगाचा भार हळूहळू नागपाडा, कामाठीपुरा, भायखळा, माझगाव आणि गिरण्यांच्या परळकडे झुकला. युरोपियन वस्त्यांत मरणाचं प्रमाण पहिल्यापासून नगण्य होतं. मोकळ्या आवारातले दगडी बंगले, धान्य वेगळ्या कोठीत, नोकर बाहेरच्या खोल्यांत. अधिकाऱ्यांनी यातून काढलेलं अनुमान बहुतेक वेळा माणसांच्या सवयींवर बोट ठेवणारं होतं. नेटिव्ह घाणेरडे राहतात, अमुक जात उंदीर मारत नाही, तमुक जात खिडक्या बंद ठेवते, अशा शेऱ्यांनी त्या काळचे अहवाल भरले आहेत. आकड्यांतून दिसणारा फरक खरा होता. त्यांच्याखाली लिहिलेली कारणं मात्र लिहिणाऱ्याच्या मनातून आलेली होती.

या गोंधळात एका समाजाची हकिकत वेगळी ठरली. जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबर १८९६मध्ये मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका लहानशा खोलीत प्लेगची लस बनवू लागले. १० जानेवारी १८९७ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे खोजा समाजाचे तरुण आगा खान यांनी चारचौघांत लस टोचून घेतली आणि हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी खुश्रू लॉज ही आपली वास्तू दिली. खोजांची दाट वस्ती मांडवी-उमरखाडीत, म्हणजे साथीच्या ऐन तोंडावर होती. त्यांच्यातल्या दहा हजारांहून अधिक लोकांनी लस घेतली, म्हणजे जवळजवळ निम्म्या समाजाने. घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत मरणाच्या प्रमाणात मोठा फरक पडला. गल्ली तीच, घरं तीच, धर्मही तोच होता. जातीला चिकटवलेली सगळी कारणं इथे गळून पडायला हवी होती.

उंदरांची गोष्ट सिद्ध व्हायला मात्र आणखी काही वर्षं गेली. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांनी १८९८मध्ये कराचीत पिसवांवर प्रयोग करून रोग उंदराच्या पिसवेतून जातो असं मांडलं, पण त्यांचं म्हणणं फारसं कोणी मनावर घेतलं नाही. मग मुंबईत डॉ. ग्लेन लिस्टन यांनी तो धागा उचलला आणि १९०५पासून प्लेग संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत काम सुरू केलं. ही प्रयोगशाळा जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये होती, म्हणजे आजच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये.

तिथल्या कामाची तऱ्हा जवळून पाहण्यासारखी आहे. शहरभर पिंजरे लावून पकडलेले आणि मरून पडलेले उंदीर रोज परळला येत. प्रत्येक उंदरासोबत तो कुठे सापडला त्याची चिठ्ठी असे. वर्षभरात असे लाखाच्या वर उंदीर फाडून तपासण्यात आले. माणसांच्या मरणाचा पत्ता इतकी वर्षं लिहिला जात होता, आता उंदरांचाही लिहिला जाऊ लागला. दोन्ही पत्ते शेजारी ठेवले तेव्हा कोडं सुटलं. आधी गटारातल्या मोठ्या उंदरांत साथ येई, दहाएक दिवसांनी घरातल्या काळ्या उंदरांत आणि त्यानंतर दहा-चौदा दिवसांनी माणसांत. काळा उंदीर माणसाच्या घरातच राहतो. कौलांखाली, माळ्यावर, लाकडांच्या ढिगात, धान्याच्या पोत्यांत त्याचं बिऱ्हाड असतं. मांडवीला रोग आधी का लागला याचं उत्तर तिथल्या वखारींत होतं, वाण्यांच्या किंवा जैनांच्या रीतीभातींत नव्हतं.

आयोगाने प्रयोगशाळेच्या आवारात वेगवेगळ्या छपरांची लहान घरं बांधून त्यांत गिनीपिग सोडून पाहिले. आजारी उंदरांच्या पिसवा असलेल्या खोलीत जमिनीपासून दोन इंचांवर ठेवलेल्या पिंजऱ्यातले गिनीपिग प्लेगने मेले, तर दोन फुटांवर टांगलेल्या पिंजऱ्यातले वाचले, कारण पिसू तेवढी उंच उडी घेऊ शकत नाही. हे वाचताना त्या वेळच्या मुंबईतल्या खोल्या डोळ्यांपुढे येतात. दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा माणसं एका ओळीने जमिनीवर पथारी टाकून निजत. पलंग मांडायला जागाच नव्हती.

या खोल्यांची गणती १९०१च्या शिरगणतीत झाली. मुंबईतली सुमारे ८० टक्के माणसं एका खोलीच्या बिऱ्हाडांत राहत होती. साथीआधी, १८९१ला, शहराची लोकसंख्या ८ लाख २१ हजार ७६४ होती. १९०१ला ती ७ लाख ७६ हजार ६ भरली. दहा वर्षांत मुंबई लहान झाली होती, तरी तिची दाटी कमी झाली नव्हती. खोलीच्या एका कोपऱ्यात मोरी, दुसऱ्यात चूल. संडास आणि नळ चाळीच्या टोकाला, सगळ्यांत मिळून. दोन चाळींच्या मधल्या चार-पाच फुटांच्या फटीला हाऊसगल्ली म्हणत. खिडकी असली तर ती त्या गल्लीत उघडे, आणि वास आत येऊ नये म्हणून ती बंदच राही. कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार खानावळीत जेवत आणि गिरणीतल्या पाळीप्रमाणे आळीपाळीने एकाच पथारीवर निजत. शहरात हजार पुरुषांमागे बायका किती, तर १९११च्या गणतीत सुमारे ५३०. बाकीचं कुटुंब रत्नागिरीत नाहीतर साताऱ्यात.

प्लेगमुळेच नोव्हेंबर १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट कामाला लागला. रोगट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढून समुद्रावरचा वारा शहरात आणायचा आणि गरिबांसाठी चांगल्या चाळी बांधायच्या, असा त्याचा उद्देश होता. पहिला हात नागपाड्यावर पडला, कारण मरणाचा आकडा तिथे मोठा होता. सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट हे रस्ते या ट्रस्टचेच. आग्रीपाडा, चंदनवाडी, मांडवी-कोळीवाडा इथे त्याच्या चाळी उभ्या राहिल्या. पण पाडणं झपाट्याने होई आणि बांधणं रेंगाळे. घर पाडल्यावर कामगार काही दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहतींत जाऊ शकत नव्हता. गिरणीच्या भोंग्याच्या आवाक्यात राहणं त्याला भाग होतं. तो शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या चाळीत, जास्त भाडं देऊन शिरला. ज्या नकाशाच्या आधारे नागपाडा पाडला, त्याच नकाशावर काही वर्षांनी शेजारची वस्ती काळी दिसू लागली. दादर, माटुंगा आणि शीवच्या मोकळ्या जागांवर मध्यमवर्गाची सुरेख वसाहत झाली, हेही याच ट्रस्टचं काम. त्याचा फायदा नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्यांच्या मरणाचा दाखला देऊन ट्रस्ट स्थापन झाला, ते त्या वसाहतीत कुठेच नव्हते.

ट्रस्टच्या अधिकाऱ्यांत जे. पी. ऑर हे अध्यक्ष वेगळ्या जातकुळीचे होते. १९१२च्या सुमारास त्यांनी मुंबईतल्या घरांतला उजेड आणि वारा यांवर व्याख्यानं दिली आणि एक नियम लावून धरला. त्याला साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणत. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात वर रेघ काढली तर ती समोरच्या इमारतीला अडता कामा नये, आकाशाला भिडली पाहिजे. साध्या भाषेत सांगायचं तर समोरची इमारत जेवढी उंच, तिच्या निम्मं तरी अंतर मध्ये सोडायला हवं. चाळीस फुटी चाळीसमोर वीस फूट मोकळी जागा. ज्या शहरात हाऊसगल्ली चार फुटांची होती, तिथे हा नियम म्हणजे घरमालकांच्या उत्पन्नावर घाला होता. ऑर यांनी माणसांच्या सवयींचं पुराण बाजूला ठेवून भिंतींमधलं अंतर मोजलं, आणि मला वाटतं, त्या पिढीतल्या अधिकाऱ्यांत ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणी मांडली नाही.

मग १९१८ साल उजाडलं. जूनच्या १० तारखेला मुंबईतले सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. त्यांतल्या एकाची नेमणूक गोदीत होती. पहिली लाट फारशी जीवघेणी नव्हती. सप्टेंबरमध्ये इन्फ्लुएन्झाची दुसरी लाट आली. ६ ऑक्टोबर या एका दिवशी शहरात ७६८ माणसं मेली. पाऊस कमी झाला होता, महायुद्धामुळे धान्य महागलं होतं, आणि तरुण बायका-पुरुष सर्वांत आधी जात होते. इथे ना उंदीर होता ना पिसू. रोग श्वासातून जात होता, तेव्हा तो सगळ्यांना सारखाच गाठेल असं वाटलं असतं.

आकडे आले ते असे. दर हजारी युरोपियन ८.३, पारशी ९, ज्यू १४.८, देशी ख्रिस्ती १८.४, वरच्या आणि मधल्या जातींचे हिंदू १८.९, मुसलमान १९.२. आणि दप्तरात ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हणून नोंदलेल्यांत ६१.६. शहर एक, हवा एक, आणि मरणात सातपटीचं अंतर.

या ६१.६ मध्ये कोण होते हे समजून घ्यायला हवं. सफाई कामगार, गोदीतले आणि रेल्वेतले बिगारी, गिरण्यांतल्या सर्वांत कमी पगाराच्या खात्यांतली माणसं. विणकाम खात्यात अस्पृश्यांना शिरकाव नव्हता, कारण धागा तुटला की तो तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि विटाळाची सबब पुढे येई. वीणखात्याचा पगार चांगला. तो नाही, म्हणून बरी खोली नाही. पैसे असले तरी सवर्णांच्या चाळीत खोली मिळत नसे. उरल्या कडेच्या झावळ्यांच्या-पत्र्यांच्या झोपड्या आणि सर्वांत काळोख्या खोल्या. साथीत घरातली सगळी माणसं एकदम अंथरुणाला खिळली की पाणी द्यायला कोणी उरत नाही, आणि इन्फ्लुएन्झात पाणी, पेज, ऊब मिळणं यावर जगणं-मरणं ठरतं. पारश्यांची आणि इतर सधन समाजांची स्वतःची इस्पितळं होती, स्वयंसेवक होते. प्लेगच्या वेळीही जैन, भाटिया, पारशी अशा समाजांनी आपापल्या लोकांसाठी इस्पितळं उघडली होती. ज्यांच्या समाजाकडे पैसाच नव्हता, त्यांच्यासाठी आर्थर रोड होतं. म्हणजे जात इथे खरोखरच कारण होती, पण अधिकारी म्हणत त्या अर्थाने नाही. जात माणसाच्या शरीरातून किंवा सवयीतून रोग वाढवत नव्हती. कुठल्या खात्यात काम मिळेल, कुठल्या खोलीत बिऱ्हाड होईल आणि आजारात दाराशी कोण येईल, हे ती ठरवत होती.

ट्रस्टच्याच परळमधल्या एका चाळीत, पोयबावाडीत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२पासून वीसेक वर्षं राहिले. दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ नंबरच्या दोन खोल्या. या खोल्यांत त्यांचा अभ्यास झाला, चळवळ उभी राहिली, शाहू महाराज भेटायला आले. त्यांच्या आणि रमाबाईंच्या पाच मुलांपैकी एकटे यशवंत जगले, चार मुलं लहानपणीच गेली. चरित्रांत हे एका घराचं दुःख म्हणून येतं. मुंबईच्या नोंदवहीशेजारी ठेवून वाचलं की त्या चाळीतल्या कितीतरी घरांत हेच घडत होतं हे कळतं.

ती नोंदवही १९२१ची. त्या वर्षी मुंबईत जन्मलेल्या हजार मुलांमागे ६६६ वर्षाच्या आत दगावली. हेल्थ खात्याने हा आकडा खोल्यांच्या संख्येनुसार फोडून दाखवला. चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत हजारी सुमारे १३३, तीन खोल्यांच्या घरांत १९१, दोन खोल्यांच्या घरांत ३२२ आणि एका खोलीत ८२८.

८२८ हा आकडा आहे तसा घेता येत नाही. कामगार बायका बाळंतपणाला गावी जात. मूल रत्नागिरीत जन्मलं तर मुंबईच्या जन्मनोंदीत येत नसे. तीन महिन्यांचं झाल्यावर ते आईबरोबर मुंबईला आलं आणि इथे गेलं, तर मृत्यूची नोंद मात्र मुंबईत होई. त्यामुळे भागाकारातला खालचा आकडा लहान आणि वरचा मोठा झाला. ही दुरुस्ती केली तरी एका खोलीतला आकडा इतर सगळ्यांच्या किती तरी वरच राहतो. शिवाय गिरणीत जाणारी आई दहा-दहा तास घराबाहेर असे. बाळ रडू नये म्हणून त्याला अफूची गोळी दिली जाई. १९२१-२२ मध्ये डॉ. बार्न्स या सरकारी डॉक्टर बाईंनी कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा जवळजवळ सगळ्याच कामगार बायकांच्या तान्ह्या मुलांना अफू मिळत असल्याचं त्यांनी नोंदवलं. गोळी दिली नाही तर शेजारीण मूल सांभाळणार कसं आणि गिरणीतली पाळी चुकली तर पगार कुठून येणार? त्या आयांना अडाणी ठरवणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारलेला दिसत नाही.

याच सुमारास सरकारने आणखी एक मोठी मोहीम काढली. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे काँक्रीटच्या २०७ चाळी बांधल्या, प्रत्येकीत ऐंशी खोल्या. बीडीडी चाळी म्हणून आज त्यांना सारा महाराष्ट्र ओळखतो. पण त्याही एकाच खोलीच्या बिऱ्हाडांच्या होत्या. अंधाऱ्या, उन्हाळ्यात तापणाऱ्या. सुरुवातीला कामगार तिथे जायला राजी नव्हते आणि बऱ्याच खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या पडून होत्या. वरळीच्या काही चाळींचा उपयोग तर सत्याग्रह्यांना डांबण्यासाठी झाला. मृत्यूच्या नोंदी एक खोली हेच मूळ दुखणं असल्याचं सांगत होत्या, आणि त्यावर सरकारने सोळा हजारांवर नव्या एकेक खोल्या बांधल्या.

शंभरेक वर्षांनी, कोरोनाच्या साथीत, तोच हिशेब पुन्हा समोर आला. जुलै २०२०मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी तीन वॉर्डांत रक्ततपासणीची पाहणी केली. माटुंग्याचा एफ-उत्तर, चेंबूरचा एम-पश्चिम आणि दहिसरचा आर-उत्तर हे ते वॉर्ड. कोरोनाची लागण होऊन गेल्याच्या खुणा झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांत सापडल्या, त्याच वॉर्डांतल्या इमारतींत १६ टक्के लोकांत. सामायिक संडास आणि दाटी ही कारणं पाहणीने पुढे केली.

दुसरा अभ्यास गोवंडी-मानखुर्दच्या एम-पूर्व वॉर्डातला. शहरातल्या प्रकल्पांमुळे उठवलेल्या झोपडीवासीयांना तिथे पक्क्या इमारतींत घरं देण्यात आली. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींत सात-सात मजल्यांच्या इमारती जेमतेम तीन मीटर अंतरावर उभ्या आहेत. पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेच्या नियमांत सूट मिळाली होती, म्हणून हे कायदेशीर ठरलं. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. तिथे क्षयरोगाचे रुग्ण फार वाढल्याचं पाहून संशोधकांनी या दोन वसाहती आणि त्याच वॉर्डातली पीएमजीपी ही तिसरी वसाहत यांची तुलना केली. तिसऱ्या वसाहतीतल्या इमारतींमध्ये अंतर जास्त आहे आणि घरांत उजेड-वारा येतो. तिन्ही ठिकाणी माणसं सारखीच, तशाच झोपड्यांतून आलेली आणि तशीच मोलमजुरी करणारी. क्षयाचं प्रमाण पीएमजीपीमध्ये उरलेल्या दोन्ही वसाहतींपेक्षा स्पष्टपणे कमी आढळलं.